आबांसमोरची जागा

३ मार्च

खताच्या दुकानातून फुकट आलेली ही डायरी घरात कुणालाच नको होती, म्हणून मी घेतली. दर पानाखाली पेरूचं चित्र आणि कुठल्यातरी फवारणीच्या औषधाचं नाव आहे. लग्न होऊन सव्वा महिना झाला. पळसदेवचं हे घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, काम माहेरी, लोणी भापकरला, होतं त्यापेक्षा जास्त नाही. फक्त बोलत कुणी नाही. जेवताना नुसता ताट-वाट्यांचा आवाज.

आज दुपारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ओसरीवर सतरंजी टाकली आणि कोनाड्यातून पत्त्यांचा कॅट काढून पिसायला बसले. विशाल त्यांच्या उजव्या हाताला बसला. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या विशालच्या समोर. आबांच्या समोरची जागा मोकळी. मला वाटलं तिघांचाच खेळ असेल. पण आबांनी पत्ते चार जागी वाटले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुप्रिया, बस."

"मला न्हाय येत, आबा."

"आईच्या पोटातनं कोण शिकून येतंय? बस."

आमच्याकडं पत्ते म्हणजे देवळामागच्या रिकामटेकड्यांचा धंदा. मी पत्त्याला हात लावला असता तर दादांनी, माझ्या वडिलांनी, हात मोडला असता. खेळाचं नाव मेंढीकोट. समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. दश्शीला मेंढी म्हणायचं, अशा चार मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त पकडल्या ती जिंकली. चारही पकडल्या तर कोट, म्हणजे दुसऱ्या जोडीचं नाकच कापलं. आणि हुकमाचा पत्ता सगळ्यांवर भारी. एवढं कळेपर्यंत आम्ही पाच डाव हरलो होतो.

आबा रागावले नाहीत. पत्ते गोळा करताना म्हणाले, "परगती सात वर्साची हुती, तवा पयल्यांदा बसली हितं."

त्यावर आत्या आणि विशाल दोघंही पत्ते हातात नसताना हाताकडं बघत राहिले.

४ मार्च

विशालला खोदून खोदून विचारलं. प्रगती त्याची धाकटी बहीण एवढं लग्नाआधी सांगितलं होतं, आणि पुण्याला नोकरीला असते असंही. ते खोटं. ती बारामतीत आहे. कॉलेजात असताना ऋषिराज नावाच्या मुलाशी ओळख झाली, गेल्या जुलैत दोघांनी कोर्टात लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. आबा ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. फक्त ओसरीची भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली. त्या भिंतीवर आबा आणि प्रगती या जोडीनं दिलेल्या कोटांच्या कोळशाच्या रेघा होत्या, चौदा वर्षांच्या. आज मुद्दाम बघितलं. उन्हात चुन्याखालून अजून दिसतात.

प्रगतीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आत्यांना तिला घरी आणायचंय, पण आबांपुढं विषय काढायची कुणाची छाती नाही.

"आबांना राग न्हाय गं," विशाल म्हणाला. "तिच्याबिगर त्यांना करमत न्हाय. पर तोंडानं म्हणणार न्हायत. ती गेल्यापासनं डाव बसला न्हवता, काल बसला."

म्हणजे माझ्यामुळं बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मी ठरवलंय. खेळ नीट शिकायचा. आबांना एक कोट मिळवून द्यायचा आणि ते खुशीत असताना प्रगतीवन्संचं नाव काढायचं. नव्या सुनेनं काही मागितलं तर पहिल्यांदा कुणी नाही म्हणत नाही.

९ मार्च

भेंडी तोडताना आत्यांना म्हटलं, मला खेळातलं काहीतरी सांगा. त्यांनी हातातल्या भेंड्या पाटीत टाकल्या. मग म्हणाल्या, "मेंढी हातात आली की ठेवू नगं, टाकून मोकळी हो. आन् हुकूम असला की मार. हात भिडूचा असला तरी मार. हात घरातच ऱ्हातोय."

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आत्या कमी बोलतात, पण मनानं चांगल्या आहेत.

१० मार्च

आज फजिती. आबांनी बदामाचा एक्का टाकला. माझ्याकडं बदाम नव्हतं, म्हणून शिकवल्याप्रमाणं वर हुकूम मारला. मग उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायची पाळी, माझी आली, तेव्हा किलवरची मेंढी होती ती टाकून मोकळी झाले. पुढं आत्या. त्यांनी राजा टाकून ती उचलली.

आबांनी पत्ते खाली घेतले. "भिडूचा हात भिडूनं कापायचा नसतो, पोरी. माझा एक्का हुता की. तुझा हुकूम वाया गेला."

आत्या म्हणाल्या, "परगतीला येवढं तरी कळत हुतं."

मला इतका राग आला. स्वतःच शिकवायचं आणि वर टोमणा मारायचा. आणि मेंढी मिळाली तरी तोंडावर जिंकल्याचं काही नाही, टक लावून आबांकडं बघतायत. आबा त्या पांढऱ्या भिंतीकडं बघत होते. मी भांडी घासायच्या निमित्तानं उठले आणि मोरीत रडून घेतलं.

१५ मार्च

आज आत्यांनी परत एक सांगितलं. "पडलेलं पत्तं ध्यानात ठिवायच्या नादी लागू नगं, डोकं दुखतंय." विशालला विचारलं तर तो हसायला लागला. म्हणाला, पत्ते ध्यानात ठेवणं हाच तर खेळ.

आता माझ्या लक्षात आलं. आत्या विशालच्या भिडू. मी चुकले की त्या जिंकतात. सासू सुनेला स्वयंपाकात अडवते हे ऐकलं होतं, पत्त्यातही अडवते हे नवीनच. करू देत. मी मोबाइलवर मेंढीकोट घेतलाय. मोटारीला लाइट यायची वाट बघत बांधावर बसायचं असतंच, तेव्हा खेळते. मोबाइल टोमणे मारत नाही.

२४ मार्च

आज दोन डाव जिंकलो. मला आबा वाचता यायला लागलेत. पत्ते वाईट आले की टोपी मागं सारतात, चांगले आले की तंबाखूचा हात मांडीला पुसतात. खूण म्हणून नाही, त्यांना माहीतही नाही. ते पान टाकतात, मी बघते, आणि मला कळतं यांना आता काय हवंय.

एक गोष्ट इथंच लिहिते, कारण कुठं बोलायची नाही. मला दुपारची वाट बघायची सवय लागलीय. आमचे दादा वाईट नव्हते, पण बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा 'बरं' एवढंच म्हणाले होते. आज मी मेंढी दाबून धरली आणि आबांच्या राणीवर सोडली, तेव्हा आबा म्हणाले, "वा रं भिडू!" दिवसभर तेच कानात होतं.

प्रगतीवन्संचं विसरले नाही. त्यांच्यासाठीच चाललंय हे सगळं.

२ एप्रिल

ज्वारीच्या कणगीमागं झाडत होते तर एक पिशवी सापडली. आत जुन्या लुगड्यांची शिवलेली लहान लहान दुपटी, टोपडी. सात-आठ असतील. मागं आत्या उभ्या होत्या.

"जुनंच कापड हाय," म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं."

मी म्हटलं, "आत्या, सगळं नीट होणार. मी हाय की."

त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. मग एकदम म्हणाल्या, "आजच्या दिवस डोकं दुखतंय म्हण. बसू नगं डावाला."

मी बसले. आबा सतरंजी टाकून हाक मारत असताना खोटं कसं बोलायचं? आत्यांना माझं आबांशी जमलेलं बघवत नाही, हे आता मला कळून चुकलंय. मायेची बाई आहे, पण आपल्या लेकीपुरती.

११ एप्रिल

धरणाचं पाणी भराभर उतरतंय. त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलंय, पुण्याकडचे लोक फोटो काढायला येतात. पेरूला पाणी कमी पडणार म्हणून विशाल चिंतेत.

आज आम्ही तीन मेंढ्या पकडल्या. आबा हसले. मोठ्यानं, मान मागं टाकून. विशाल माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, हे हसणं नऊ महिन्यांनी ऐकलं. मला वाटलं आत्या खूश होतील. त्या पत्ते खाली टाकून शेळ्यांकडं गेल्या. त्यांच्या हातात चांगला राजा होता, त्यांनी तो खेळलाच नव्हता. हरल्याचा राग म्हणावा तर तसंही नाही.

आठवा निम्मा सरलाय. आता उशीर करून चालणार नाही.

१८ एप्रिल

कोट दिला.

हातात दोन-दोन पत्ते राहिले होते. तीन मेंढ्या आमच्याकडं. चौथी, चौकटची, विशालकडं अडकलेली. इस्पिक हुकूम होता आणि इस्पिकं सगळी संपली होती, मी मोजली होती. चौकटचा एक्काही गेला होता. माझ्याकडं राजा. फक्त आबांनी चौकटची उतारी करायला हवी होती, आणि माझ्याकडं राजा आहे हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. आबांनी तंबाखूचा हात मांडीला पुसला आणि चौकटची दुर्री टाकली. विशालला मेंढी टाकावीच लागली. मी राजा ठेवला. आत्यांनी किलवरचं पान टाकलं, न बघताच.

आबा उठले, चुलीतून कोळसा आणला आणि पांढऱ्या भिंतीवर एक रेघ ओढली. काळी, जाड.

हीच वेळ होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हटलं, "आबा, कोट दिला तर मला काय बक्षीस?"

"माग की."

"प्रगतीवन्संना बाळंतपणाला आणू या. आठवडाभरात नववा लागंल."

आत्यांचे हात मांडीवर घट्ट झाले. मला वाटलं आबा भडकतील. ते भडकले नाहीत. हातातल्या कोळशाकडं बघून त्यांनी तो अंगणात टाकला, हात झटकले आणि शांतपणे, मायेनं म्हणाले, "कशाला? हाय की आता चौथा भिडू."

मग खाली बसून पत्ते पिसायला लागले.

१९ एप्रिल

सकाळी आत्या गोठ्यात होत्या. मी जाऊन शेण भरायला लागले. माझ्या हातून पाटी घेऊन त्यांनी बाजूला ठेवली.

"तुला उलटं शिकवलं म्या," म्हणाल्या. "मुद्दाम."

"ते कळलं मला. जिंकायला."

"मला काय करायचंय जिंकून? ती जागा मोकळी हुती तवर त्यांना सलत हुतं. जेवताना सलायचं, दुपारी सलायचं. डाव न्हवता, दुपार जात न्हवती. मला वाटायचं, आणखी दोन म्हैनं, स्वतःच म्हणतील, जा घिऊन ये तिला. मग त्यांनी तुला बसवलं. म्हटलं, ही चुकत ऱ्हाईल, त्यांना तिची याद येत ऱ्हाईल." त्यांनी बाजूला ठेवलेली पाटी उचलली. "तू लई लवकर शिकलीस गं."

"मला का न्हाय सांगितलं, आत्या? मी त्यांच्यासाठीच शिकत हुते."

"कशी सांगू? तू त्यांची भिडू."

मी घरात आले आणि डायरी उघडली. मागची पानं वाचली. ९ मार्च, १५ मार्च, २ एप्रिल. सगळं मीच माझ्या हातानं लिहिलंय आणि मला दिसलं नाही. आणि त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय! पानं फाडावीशी वाटली, पण राहू दिली. मला लाज वाटली पाहिजे, ती वाचून वाटेल.

२६ एप्रिल

आठ दिवस मुद्दाम वाईट खेळतेय. आबांच्या एक्क्यावर हुकूम मारला. मेंढ्या फुकट सोडल्या. एकदा तर हातात बदाम असताना दुसरंच पान टाकलं. वाटलं होतं, आज ना उद्या म्हणतील, परगती असती तर.

आज म्हणाले, "चुकतंय माणूस. परत सांगतो, नीट बघ." आणि माझे पत्ते हातात घेऊन, एकेक पान दाखवत, सात वर्षांच्या पोरीला समजवावं तसं पहिल्यापासून समजावून सांगितलं. आवाजात एवढीही चीड नाही.

जिंकले तरी मी त्यांची आणि हरले तरी मीच. आत्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. आता काही उपयोग नाही, असं. आणि मला पुन्हा तेच लिहावं लागतंय, की आबा समजावत असताना मला बरं वाटत होतं.

७ मे

दुपारी अडीच वाजता डाव चालू असताना विशालचा फोन वाजला. ऋषिराजचा. त्यानं पहिल्यांदाच या घरात फोन केला. प्रगतीला बारामतीत दवाखान्यात नेलंय, वेळेच्या आधीच कळा सुरू झाल्यात, तिथं तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नाही.

विशालनं हे सगळं मोठ्यानं सांगितलं. आबांनी टोपी मागं सारली. वाईट पत्ते आल्यासारखी. पत्ते हातात धरूनच होते.

"उतारी कुणाची हाय?" ते म्हणाले.

आत्यांनी आपले पत्ते सतरंजीवर पालथे घातले, आत गेल्या, कणगीमागची पिशवी घेऊन आल्या. चाळीस वर्षांत नवऱ्याला न विचारता त्या गावच्या बाजारालाही गेल्या नव्हत्या, असं विशाल नंतर म्हणाला. त्यांनी चपला घातल्या.

"डाव पुरा करून जा," आबा म्हणाले. कुणाला, ते नाही सांगितलं.

माझ्या हातात दोन मेंढ्या होत्या. मी पत्ते उताणे ठेवले, सगळ्यांना दिसतील असे, आणि आत्यांच्या मागं निघाले. विशालनं आम्हाला गाडीवरून हायवेला सोडलं. भिगवणला तासभर बसलो तेव्हा बारामतीची एसटी मिळाली. आत्या पूर्ण वाटेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोचेपर्यंत बाळ झालं होतं.

१० मे

मुलगी आहे. एक किलो आठशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय, दिवसातून दोनदा बघू देतात. डॉक्टर 'बघू' म्हणतात. आज तिसरा दिवस आणि अजून 'बघू'च.

प्रगतीवन्सं आबांसारख्या दिसतात. मला पहिल्यांदा बघून त्यांनी एवढंच विचारलं, "वैनी, आबांच्या समोर तूच बसतेस ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलावंसं वाटलं होतं.

"टोपी मागं सारतात का अजून?"

"हो."

त्या भिंतीकडं वळून झोपल्या. आत्या त्यांच्या केसांतून हात फिरवत बसल्या.

आज चारच्या सुमाराला विशालचा फोन आला. मी वन्संना डिंकाचे लाडू चुरून देत होते, हात भरलेले, म्हणून फोन पलंगावर ठेवून आवाज मोठा केला. मला वाटलं बाळाचं विचारेल. त्यानं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, "आबा विचारतायत, सुप्रिया कवा येणार."

वन्सं ऐकत होत्या.

"आणखी काय विचारलं आबांनी?"

"आणखी..." विशाल घुटमळला. "आज शेजारच्या रामहरीकाकांना आन् त्यांच्या भावाला बोलवून डाव मांडला हुता. पर पत्तं एकावन्नच भरतायत. बदामाची मेंढी न्हाय. तुला म्हाईत हाय का, असं विचारत हुते."

मला माहीत नव्हतं. आत्यांनी कमरेचा बटवा सोडला. सुपारी, एसटीची तिकिटं आणि त्यात दुमडलेली बदामाची दश्शी. त्या दिवशी पालथे घातलेल्या पत्त्यांतून एक त्यांनी काढून घेतला होता आणि आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

वन्सं हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. "आई, दे पाठवून. त्यांची दुपार जात नाही डावाशिवाय."

"न जाईना का," आत्या म्हणाल्या. "तू गेल्यापासनं माझी एक तरी गेली का?"

पलंगावरच्या फोनमधून मागं आबांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. मग विशाल म्हणाला, "आबा म्हणतायत, ऱ्हाऊ दे, शोधू नगा. मी इंदापूरला चाललोय, नवा कॅट आणतो."

आत्यांनी पत्ता परत दुमडून बटव्यात टाकला आणि नाडी ओढली. माझ्या डोळ्यासमोर ती पांढरी भिंत आली आणि तिच्यावरची माझी एक रेघ. ती पुसून टाक असं विशालला सांगणार होते, पण मग वाटलं, असू दे, चुन्याखालच्या रेघांना सोबत.

"आणा कॅट," मी म्हटलं. "त्यात पत्तं बावन्न येतील. माणसं कुठल्या दुकानात मिळतात, तेवढंबी विचारून या म्हणावं आबांना. मी सव्वा महिना हितंच हाय."

आणि फोन बंद केला. पाच वाजले होते, बाळाला बघायची वेळ. वन्संना एका बाजूनं आत्यांनी धरलं, एका बाजूनं मी, आणि आम्ही हळूहळू पेटीच्या खोलीकडं निघालो.